लेकीचा कान आणि दोन फॉर्म

सोमवार, ४ मार्च

डॉक्टरने रोज ब्लडप्रेशरचा आकडा लिहून ठेवायला सांगितलाय. त्यासाठी नातीने ही वही आणून दिली. वही दोनशे पानांची आणि आकडा एका ओळीचा. उरलेलं पान कोरं सोडायला जिवावर येतं, म्हणून लिहिते. शाळा मी तिसरीपर्यंत केली. बाकीचं लिहिणं लॉन्ड्रीत शिकले, गठ्ठ्यांवर चिठ्ठ्या लावून लावून. चौतीस वर्षं लॉन्ड्री चालवली. अक्षर बरं आहे, पण वाक्य लांबलं की गठ्ठा सुटल्यासारखं होतं.

आजचा आकडा १५२. कारण लेक.

जेवताना म्हणाली, "आई, मी स्कूबा शिकणार आहे."

ते काय असतं म्हणून विचारलं, तर नातीने सांगितलं. पाठीवर हवेची टाकी बांधायची, नळी तोंडात धरायची आणि समुद्रात खाली जायचं.

"खाली काय काम असतं?"

"काम नसतं आजी. बघायला जातात."

"काय बघायला?"

"मासे."

"मासे दातांच्या डॉक्टरकडे आहेत, काचेच्या पेटीत. खुर्चीत बसून दिसतात."

लेक हसली नाही. ती सेहेचाळीस वर्षांची आहे. बावीस वर्षं हॉस्पिटलच्या तळघरात एक्स-रे काढते. दिवसभर लोकांना सांगते, श्वास रोखा, हलू नका, सोडा आता. जावई नऊ वर्षांपूर्वी दुसरीकडे राहायला गेला, तेव्हासुद्धा तिने कुणाकडे काही मागितलं नाही. आणि आता मागितलं तर एकदम समुद्र.

मंगळवार, ५ मार्च

आकडा १४८.

शिकायच्या जागा दोन आहेत. एक आपल्या गावात. आधी काही रविवार तरणतलावात, मग गावाबाहेरच्या दगडखाणीत, जिथे पाणी साचून तळं झालंय. शिकवणारा पूर्वी गोदीत पाणबुड्या होता, जहाजांची बुडं दुरुस्त करायचा. दुसरी जागा परदेशात. विमान, मग बोट, मग बेट. लेकीची एक मैत्रीण, पूर्वीची नर्स, तिथे राहते. बारा दिवस. पाणी कोमट. लेकीच्या मनात तेच आहे, कारण बेटाचा फोटो तिने फोनवर लावलाय.

मी म्हटलं, कोमट पाण्यात लोकर आटते.

नात म्हणाली, "आजी, आई कॉटनची आहे." पोरीची जीभ माझ्या वळणावर गेली आहे.

मला त्या बारा दिवसांचं काही वाटत नाही, हे इथे स्पष्ट लिहून ठेवते. नातही तेव्हा परीक्षेसाठी वसतिगृहात मैत्रिणींकडे असेल, म्हणजे घरात मी एकटी. एकटीला जागा जास्त मिळते. माझं म्हणणं इतकंच की बुडायचंच आहे तर जवळ बुडावं. पाणी इथून तिथून ओलंच.

रविवार, १० मार्च

गावातला मास्तर बघायला लेकीबरोबर तरणतलावावर गेले. मुलगा बघायला जातात तशी. टॉवेल पाहिले, नीट खंगाळलेले नाहीत. तरी बोलले नाही.

मास्तर पंचावन्नचा असेल. टक्कल, रुंद तोंड, डोळे बाहेर आणि अंगात काळा रबरी सूट. मी मनात त्याचं नाव बेडूक ठेवलं. पण माणूस सरळ. म्हणाला, "मावशी, खरं सांगू का? खाणीत पाणी गार आहे आणि हातभर पलीकडचं दिसत नाही."

"मग तुम्ही दाखवता काय?"

"काहीच नाही. न घाबरायला शिकवतो." मग लेकीकडे वळून म्हणाला, "चांगलं शिकायचं असेल तर इथे या. आवडायला हवं असेल तर तिकडे जा."

असा दुकानदार मी जन्मात पाहिला नाही. गिऱ्हाईक आत येतंय आणि हा समोरच्या दुकानाचा पत्ता देतोय. लेकीला कोपराने ढोसलं आणि म्हटलं, माणूस खोटं बोलत नाही, त्याच्याकडेच शीक.

ती म्हणाली, "तो जा म्हणतोय, आई."

त्याने तिला पहिला नियम सांगितला, की पाण्याखाली श्वास कधीच रोखायचा नाही. घेत राहायचा, सोडत राहायचा. हे ऐकून लेक कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिली. त्यात बघण्यासारखं काय होतं मला कळलं नाही.

रविवार, १७ मार्च

लेकीने दोन्हीकडे अर्ज करायचं ठरवलं. जिकडचं आधी जुळेल तिकडे जाईन म्हणाली. दोन्हीकडे तब्येतीचा फॉर्म लागतो, दहा प्रश्नांचा. कधी दमा होता का, कधी चक्कर आली का, कानाचं काही, मनाचं काही. एकाही प्रश्नाला 'हो' आलं तर डॉक्टरची चिठ्ठी आणा. परदेशचा फॉर्म नातीने आपल्या भाषेत करून छापून आणला.

लेकीची पहाटेची पाळी. ती म्हणाली, "आई, लहानपणीचं मला कुठे आठवतंय? तू भर. मी सही करून ठेवते." आणि दोन्ही कोऱ्या फॉर्मवर सही करून झोपायला गेली. बावीस वर्षं हॉस्पिटलात काढून बाईला एवढी अक्कल नाही.

मी इस्त्रीच्या टेबलावर बसले, चष्मा लावला आणि भरले.

लॉन्ड्रीत आमची एक पद्धत होती. शेजारपाजारचा कपडा आला तर चिठ्ठीवर फक्त नाव. माणूस ओळखीचा, कपडा ओळखीचा. पण भारी कपडा बाहेरगावच्या ड्रायक्लीनिंगच्या कारखान्याला पाठवायचा असला, तर चिठ्ठीवर त्याचे सगळे दोष लिहायचे. कॉलर विरलेली, बटण सैल, डाग जुना, अस्तर उसवलेलं. म्हणजे परकी माणसं जपून हाताळतात. तीनपेक्षा जास्त दोष दिसले की कारखाना 'जबाबदारी घेत नाही' असा शिक्का मारून कपडा न धुताच परत करायचा, पण तो भाग वेगळा.

तेव्हा बेडकाच्या फॉर्मवर मी दहाही ठिकाणी 'नाही' लिहिलं आणि खाली 'दणकट' असा शेरा दिला.

परदेशच्या फॉर्मला जागा पुरेना, एक कागद जोडावा लागला. तीन महिन्यांची असताना खोकला. पाळण्यातून पडली. नवव्या वर्षी शाळेच्या रांगेत चक्कर. अकराव्या वर्षापर्यंत अंधाराला भ्यायची. चौदाव्या वर्षी उजवा कान फुटला, दोन महिने वाहत होता, उशीचे अभ्रे मी रोज उकळत होते. बसमध्ये ओकते. मनाचं काही या प्रश्नापुढे लिहिलं, स्वतःच्या लग्नात रडली, ते बरोबरच होतं हे मागाहून कळलं. आणखी पाच बारीकसारीक धरून एकूण बारा दोष. त्यात खोटं एकही नाही. परक्यांशी खोटं बोलू नये.

नातीला परीक्षेची घाई. तिने न वाचताच फोनने फोटो काढले आणि पाठवून दिले.

शुक्रवार, २२ मार्च

आकडा १३४. बऱ्याच दिवसांत इतका खाली नव्हता.

परदेशातून उत्तर आलं. चार ओळींचं, फार सभ्य. आपली प्रकृती पाहता आम्ही आपली जबाबदारी घेऊ शकत नाही. कारखान्याचीच भाषा. जगात कुठेही जा, सारखंच.

लेकीने तीनदा वाचलं. "माझी प्रकृती?" म्हणाली.

मी म्हटलं, "परदेशातली माणसं नाजूक. त्यांना सगळ्याची भीती."

तिने फोनवरचा बेटाचा फोटो काढून टाकला. संध्याकाळी मी तिचा युनिफॉर्म स्वतः इस्त्री केला, कडक.

रविवार, २४ मार्च

गावातला पहिला तास झाला. लेक घरी आली ती ओल्या केसांनी आणि आल्या आल्या बोलायलाच लागली. पाण्याखाली बसून मुखवट्यात पाणी घ्यायचं आणि नाकाने फुंकून बाहेर काढायचं. हातांनी खुणा करायच्या. मी काही विचारलं नव्हतं, तरी तिने जेवायच्या टेबलापाशी दोनदा करून दाखवलं. गेल्या नऊ वर्षांत या घरात तिने एका बैठकीत इतके शब्द वापरले नव्हते.

म्हणजे मी केलं ते चांगलंच झालं. आकडा १३६.

रविवार, ३१ मार्च

आज ती लवकर परत आली. उजव्या कानावर रुमाल धरलेला. रुमालावर रक्ताचा डाग, नाण्याएवढा.

खोल बाजूला गेल्यावर कान दुखायला लागला होता. दुखलं की लगेच वर यायचं असं मास्तरने सांगितलंय, पण हिने तसंच रेटलं. "मला वाटलं सगळ्यांचाच दुखतो," म्हणाली.

रुमाल मी गार पाण्यात टाकला. रक्ताला गरम पाणी कधी लावायचं नाही, डाग पक्का बसतो. चोळून चोळून काढला. स्वच्छ निघाला तरी चोळत होते.

आकडा घेतला नाही.

सोमवार, १ एप्रिल

संध्याकाळी बेडूक घरी आला. साध्या शर्टात ओळखलाच नाही. हातात आपला फॉर्म. बसा म्हटलं तरी बसला नाही.

लेकीला म्हणाला, "बाई, इथे सगळं 'नाही' लिहिलंय. कानाचं जुनं काही असतं, तर मी डॉक्टरने तपासल्याशिवाय तुम्हाला घोट्याच्या वर पाण्यात उतरू दिलं नसतं. नीट आठवून सांगा. लहानपणी काही झालं होतं?"

लेकीने माझ्याकडे बघितलं. मी इस्त्रीच्या टेबलावरचं कापड सरळ करत होते.

नात म्हणाली, "थांबा, दुसरा फॉर्म आहे माझ्या फोनमध्ये." तिने तो उघडला आणि पहिल्यांदाच वाचला. मग फोन आईच्या हातात दिला.

दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. इकडे 'दणकट', तिकडे बारा दोष. लेक मोठ्याने वाचत गेली. पाळण्याशी हसली, बसमध्ये ओकण्याला हसली, लग्नाला तर बेडूकही हसला. चौदाव्या वर्षापाशी आली आणि हसणं थांबलं.

"आई, यातली एकच गोष्ट कामाची होती. ती जिथे लिहायला हवी होती तिथे लिहिली नाहीस."

मी तिला लॉन्ड्रीची पद्धत सांगायला लागले. शेजारचा कपडा, बाहेरगावचा कपडा. बेडूक दाराकडे सरकला आणि म्हणाला, मी उद्या फोन करतो.

तो गेल्यावर लेकीने विचारलं, "मी जायला तुला नको होतं, तर तोंडाने 'नको' का म्हणाली नाहीस?"

"मी म्हटलं असतं तर?"

"तर गेले नसते."

असं म्हणून ती आत गेली. हे मला आधी कुणी सांगायला नको का? तो जोडलेला कागद लिहायला मला दीड तास लागला होता.

बुधवार, ३ एप्रिल

कानाच्या डॉक्टरकडे गेलो. कोवळा दिसतो, पण हात हलका आहे. कानात बारीक दुर्बीण घातली आणि आतलं सगळं पडद्यावर दाखवलं. मला त्यात काही समजलं नाही, लेकीला समजलं, तिचा धंदाच तो. जुन्या जखमेची खूण आहे, त्यावर आता सूज. पडदा फाटला नाही. तीन आठवडे पाणी लावायचं नाही.

लेकीने त्याला दोन्ही फॉर्म दाखवले. तो माझ्याकडे वळला. "आजी, यातली तुमची मुलगी कोणती?"

"दोन्ही," मी म्हटलं.

"मग मधली कुठे आहे?"

तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणार. बरा झाला तर चिठ्ठी देईन म्हणाला, सावकाश उतरायचं, दुखलं की वर यायचं. पण गार पाण्याची खाण या कानाला नको. बेडकाचंही तेच म्हणणं. म्हणजे गाव संपलं. आता एक तर कोमट समुद्र, नाही तर काहीच नाही.

बाहेर पडल्यावर लेक म्हणाली, "आता तूच सांग. जाऊ की नको? या वेळी कागदावर नाही, तोंडाने सांग."

मी म्हटलं, "रस्ता ओलांड आधी."

गुरुवार, ११ एप्रिल

आठ दिवस झाले. ती पुन्हा विचारत नाही. कामावर जाते, येते, जेवते. ताट धुते. मी इकडच्या तिकडच्या गोष्टी काढते, ती 'हं' म्हणते. पूर्वीसारखंच झालंय सगळं. घर शांत आहे, ती घरात आहे, मला हवं होतं ते मिळालं. आकडा १५८.

एक शब्द बोलले की काम झालं. 'नको.' दोन अक्षरं. ती ऐकेल, मला माहीत आहे. जावयाशी लग्न कर म्हटलं तेव्हा तिने ऐकलं, त्याला जाऊ दे म्हटलं तेव्हाही ऐकलं. तळघरातली नोकरी मीच बघून दिली होती. सावलीतली आहे, म्हटलं होतं, ऊन लागणार नाही.

शनिवार, २७ एप्रिल

कान बरा. डॉक्टरने चिठ्ठी दिली. ती फ्रिजवर लावून लेक कामाला गेली. नातीला तिसरा कोरा फॉर्म छापून आणायला सांगितला.

नात म्हणाली, "आजी, पुन्हा?"

"गप आण."

भरला. खोकल्याला 'नाही', तो तीन महिन्यांच्या पोराचा खोकला, धरत नाहीत. चक्कर, एकदाच, उपाशी होती, 'नाही'. अंधार, 'नाही', बावीस वर्षं तिथेच काम करते. मनाचं काही, 'नाही'. तिथे पेन थोडं थांबलं, पण 'नाही'च. कान, 'हो'. उजवा, चौदावं वर्ष, दोन महिने. आणि शेजारी डॉक्टरची चिठ्ठी टाचली. एक दोष, एक चिठ्ठी. इतका स्वच्छ कपडा कुठलाच कारखाना परत करत नाही.

लेकीच्या डब्याच्या पिशवीत घालून ठेवला. तोंडाने सांग म्हणाली होती, पण ते मला जमत नाही. संध्याकाळी तिने पिशवी उघडली, फॉर्म वाचला, घडी घातली. मग माझ्या शेजारी येऊन बसली आणि मुखवट्यातलं पाणी नाकाने कसं काढायचं ते पुन्हा करून दाखवलं. म्हटलं, कळलंय गं बाई मला, तीनदा पाहिलंय.

रविवार, ५ मे

गेली. बॅग मी भरली. कपडे गुंडाळून भरले, घडी घातली की चुण्या पडतात. नात काल वसतिगृहात गेली.

घरात जागा पुष्कळ झाली आहे. तिन्ही खोल्यांतून फिरून पाहिलं. सकाळी धुतलेले पडदे पुन्हा धुतले.

गुरुवार, ९ मे

लेकीचा फोन. समुद्रात उतरली. अठरा मीटर, म्हणजे सहा मजले, उलटे. कान दुखला नाही. एकदा दुखेल असं वाटलं, तर लगेच हाताने खूण करून वर आली, थांबली, पुन्हा गेली.

"मग काय दिसलं?"

"मासे," म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो. मग म्हणाली, "आई, खाली कुणी बोलत नाही. कुणाला काही सांगावं लागत नाही. फक्त स्वतःचा श्वास ऐकू येतो. एवढा मोठा असतो, मला माहीतच नव्हतं."

मी विचारलं, खाली गेल्यावर कुणाची आठवण वगैरे येते का. म्हणाली, "नाही. अजिबात नाही." आणि मग घाईने, "वर आल्यावर येते."

खरं बोलायला लागली आहे.

शनिवार, ११ मे

तरणतलावावर गेले. टॉवेलांचं सांगायचं होतंच बेडकाला, एकदा गरम पाण्यातून काढा म्हणून. ते सांगून झालं. मग म्हटलं, ते काय असतं ते एकदा उथळ बाजूला बघायचंय. डोकं बुडेल इतकंच. लेक काय सांगते ते कळायला हवं.

तो म्हणाला, "मावशी, फॉर्म भरावा लागेल." आणि पुढे म्हणाला, "खरा."

त्याच्या टेबलावर बसून भरला. हृदय, हो. धाप, हो, जिन्यावर. गुडघे, हो. ऑपरेशन, हो, दोन. रोजच्या गोळ्या, हो, चार, पैकी एक विसरते. डोळे, हो. अचानक भीती वाटते का, तिथे बराच वेळ लागला. मग लिहिलं, हो. अलीकडे. सात दिवस झाले.

बेडकाने चष्मा लावून वाचला. खालपर्यंत गेला, पुन्हा वर आला. म्हणाला, "मावशी, हा फॉर्म घेऊन मी तुम्हाला काठावरसुद्धा बसू देऊ शकत नाही. एका तरी प्रश्नाला 'नाही' लिहायचं होतं."

"लिहिलंय की," मी म्हटलं. "सातवा बघा. सध्या गरोदर आहात का."